ध चा मा नेमका कुणी केला?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. शेवटी सभासदांचे काही प्रश्न व त्यांची उत्तरे जोडली आहेत.)



आज भाद्रपद शुद्ध त्रयोदशी. उद्या अनंत चतुर्दशी, म्हणजे बाप्पांना निरोप. समितीने मला सांगितलं, "साहेब, तुम्ही इतिहास वाचता, काहीतरी सांगा, पण झोप येईल असं नको." म्हणून आज मी एका खुनाविषयी बोलणार आहे. तो खून याच तिथीला झाला होता. शके १६९५, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी, सोमवार, इंग्रजी तारीख ३० ऑगस्ट १७७३. शनिवारवाड्यात गणपती बसलेला होता आणि भर दुपारी वाड्याच्या मालकाचा, म्हणजे खुद्द नारायणराव पेशव्यांचा खून झाला.

ही गोष्ट आपल्या सगळ्यांना शाळेपासून माहीत आहे. "काका, मला वाचवा" लहान पोरांनाही पाठ असतं. चिठ्ठीत "धरावे" होतं, आनंदीबाईंनी ध चा मा केला, "मारावे" झालं आणि पेशवा मारला गेला. झालं, खटला संपला! अडीचशे वर्षं आपण हा निकाल डोळे मिटून मान्य करत आलो. आज आपण ती फाईल पुन्हा उघडू या. मी आयुष्यभर बँकेत कागद तपासले. तेव्हा हा कागदसुद्धा त्याच नजरेने बघू.

आधी थोडी पार्श्वभूमी. पुण्याचं भांडण आणि आपला बीड जिल्हा यांचा काय संबंध, असं कुणाला वाटेल. संबंध आहे. आपल्या गेवराई तालुक्यातलं गोदाकाठचं राक्षसभुवन सगळ्यांनी पाहिलंय. तिथं १० ऑगस्ट १७६३ ला मराठ्यांनी निजामाचा मोठा पराभव केला. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर तिथं पडला. त्या लढाईत काका रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, आणि पुतणे माधवराव एका बाजूने लढत होते. पण त्याच्या आदल्याच वर्षी, १७६२ मध्ये, आळेगावला हेच काका निजामाची मदत घेऊन पुतण्यावर चालून गेले होते. एका वर्षात शत्रू, दुसऱ्या वर्षात मित्र. भाऊबंदकी कशी असते ते मी तुम्हाला सांगायची गरज नाही. बांधावरून कोर्टात गेलेली कितीतरी घरं आपण बघितली आहेत. इथं बांध अख्ख्या राज्याचा होता, एवढाच फरक.

पुढे १७६८ मध्ये धोडपला माधवरावांनी काकांचा पराभव केला आणि त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवलं. १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला माधवराव क्षयाने वारले. वय अवघं सत्तावीस. धाकटे भाऊ नारायणराव गादीवर आले. जाताना माधवरावांनी काका-पुतण्याचा समेट करून दिला होता, पण तो फार दिवस टिकला नाही. १७७३ च्या उन्हाळ्यापर्यंत काका पुन्हा कैदेत. स्वतःच्याच वाड्यात, दारावर पहारा.

आता त्या दिवसाकडे येऊ. वाड्याच्या पहाऱ्यावर गारदी होते, म्हणजे पगारी कवायती शिपाई. सुमेरसिंग, महंमद इसफ, खरकसिंग हे त्यांचे प्रमुख. थकलेल्या पगाराचा बहाणा करून ते वाड्यात घुसले. त्या सकाळीच नारायणरावांना काहीतरी शिजतंय असा सुगावा लागला होता. त्यांनी हरिपंत फडक्यांना बंदोबस्त करायला सांगितलंही होतं. हरिपंत जेवायला गेले आणि बंदोबस्त राहून गेला, असं सांगतात. गारदी आत आल्यावर नारायणराव धावत काकांच्या दालनात गेले आणि काकांना मिठी मारली. राघोबांचा माणूस तुळाजी पवार याने त्यांना ओढून काढलं, आणि गारद्यांनी तिथंच त्यांना मारलं. नारायणरावांना नुकतीच अठरा वर्षं पुरी झाली होती. धन्याला वाचवायला अंगावर पडलेला चाफाजी टिळेकर हा सेवकही त्यांच्याबरोबर गेला. पेशव्याचं नाव राहिलं, चाफाजीचं नाव फार थोड्यांना आठवतं. आज त्यालाही एक नमस्कार करू या.

तपास केला न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी. राघोबा आता स्वतः पेशवे झाले होते, म्हणजे ज्याच्यावर संशय तोच मालक. तरी शास्त्रीबुवांनी तपास सोडला नाही. कटात पन्नासच्या आसपास माणसं होती, असं त्यातून पुढे आल्याचं इतिहासकार सांगतात. शेवटी ते राघोबांसमोर उभे राहिले. राघोबांचं म्हणणं असं, की मी महंमद इसफला लेखी हुकूम दिला होता हे खरं, पण तो पुतण्याला धरायचा होता, मारायचा नव्हता. यावर शास्त्रीबुवांनी काय सांगितलं? या पापाला देहान्त प्रायश्चित्तच आहे. एवढं बोलून नोकरी सोडली आणि ते वाईजवळच्या पांडववाडीला निघून गेले.

आता मुद्द्याचा कागद. तो मूळ हुकूम पुढे रामशास्त्रींच्या हाती लागला, त्यात "धरावे" चं "मारावे" केलेलं होतं, आणि हा बदल आनंदीबाईंनी केला, अशी कथा आहे. ती ठळकपणे छापून आली ग्रँट डफ या इंग्रज अधिकाऱ्याच्या मराठ्यांच्या इतिहासात. तो ग्रंथ १८२६ चा, म्हणजे खुनानंतर त्रेपन्न वर्षांनी. आणि बदल आनंदीबाईंनी केला हे सांगताना डफसाहेबसुद्धा "असं सगळे मानतात" एवढ्यावरच थांबतो. कुणी पाहिलं, कुणी साक्ष दिली, ते सांगत नाही.

मित्रहो, बँकेत एखाद्या चेकवर खाडाखोड दिसली की आम्ही काय करतो? निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, १८८१, कलम ८७. महत्त्वाचा बदल केलेला दस्तऐवज रद्द ठरतो, संबंधितांच्या संमतीचा बदल असेल तर गोष्ट वेगळी. पण कायद्याच्याही आधी आम्ही काही साधे प्रश्न विचारतो. तेच प्रश्न मी या चिठ्ठीला विचारणार आहे.

पहिला प्रश्न, मूळ कागद कुठे आहे? इन्स्पेक्शनला साहेब आले की पहिलं वाक्य हेच असतं, "ओरिजनल व्हाउचर दाखवा." ही चिठ्ठी आज बघायला मिळत नाही. पेशवे दफ्तरातले निवडक कागद रियासतकार सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पंचेचाळीस खंडांत छापले. पेशवाईत कुणाला किती धान्य दिलं, कुठल्या देवाला किती दक्षिणा दिली, इथपर्यंत कागद जपलेले आहेत. आणि ज्या एका कागदाने मराठी राज्य हादरलं, तो मात्र डोळ्यांसमोर नाही. जो कागद समोर नाही, त्यातली खाडाखोड कुणाच्या हातची, हे ठरवायचं कसं?

दुसरा प्रश्न, अशी खाडाखोड करता येते का? नीट बघा, म्हणच "ध चा मा" अशी आहे, "ध चा म" नाही. म्हणजे अक्षर बदलायचं आणि वर काना घालायचा. त्या काळचा कारभार मोडीत. मोडी ही धावती लिपी, लेखणी शक्यतो न उचलता लिहायची. त्यात मधलंच अक्षर बदलून शिवाय काना घुसवायचा म्हणजे जागा हवी, तीच शाई हवी, तेच वळण हवं. अशक्य म्हणत नाही मी. बँकेत याहून अवघड करामती पाहिल्या आहेत. पण खाडाखोड ही खाडाखोडीसारखीच दिसते. ती वाचणाऱ्याच्या लक्षात येतेच.

तिसरा प्रश्न, वाचणाऱ्याने काय केलं? समजा, कॅशियरसमोर मोठ्या रकमेचा, अंक गिरवलेला चेक आला. तो पैसे मोजून देतो का? नाही. तो उठून मॅनेजरकडे जातो. इथं तर प्रत्यक्ष पेशव्याला मारायचा हुकूम होता. गारद्यांचे सरदार मुरलेले लोक होते. चूक झाली तर आपलं डोकं जाणार हे त्यांना कळत होतं. अशा माणसांनी गिरवलेल्या एका अक्षरावर विसंबून, खात्री न करता, राज्याच्या धन्यावर हात टाकला असेल, हे मनाला पटत नाही. आणखी एक. या सरदारांना मोडी वाचता येत होती, की कुणी वाचून दाखवली? वाचून दाखवली असेल तर अक्षर बदलायची गरजच काय? वाचणाऱ्याच्या जिभेवर "धरावे" चं "मारावे" होऊ शकतं, आणि त्याला शाईही लागत नाही.

चौथा प्रश्न, कागद कुणाकुणाच्या हातून गेला? आपल्याकडे आवक-जावक बारनिशी असते. कोणता कागद कधी आला, कुणी घेतला, कुणाची सही. कटाच्या कागदाला बारनिशी नसते हे मान्य. पण राघोबांपासून गारद्यांपर्यंत जाताना मधे तुळाजी पवारासारखी माणसं होती. पन्नास जणांच्या कटात एकट्या एका बाईच्याच हातात कागद पडला असं म्हणायचं, तर पुरावा पाहिजे.

पाचवा आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा प्रश्न, या गोष्टीचा फायदा कुणाला? थोडं शांतपणे बघा. चिठ्ठीत मुळात "मारावे" असेल तर राघोबा खुनी. चिठ्ठीत "धरावे" असेल आणि कुणीतरी बदल केला असेल, तर राघोबा फक्त महत्त्वाकांक्षी काका. म्हणजे ध चा मा ही गोष्ट मुळात राघोबांच्या बचावाची गोष्ट आहे. आरोपीने स्वतःच दिलेला जबाब आपण जसाच्या तसा खरा धरला आणि उरलेला दोष घरातल्या बाईच्या पदरात टाकला. कुठल्याही चौकशीत आरोपीच्या जबाबाला एवढं वजन कुणी देत नाही.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडतो. फक्त आनंदीबाईंचीच वकिली केली तर ही चौकशी एकतर्फी होईल. आनंदीबाई कोकणातल्या ओक घराण्यातल्या. हुशार, करारी, राजकारण समजणाऱ्या. नवरा पराक्रमी, अटकेपर्यंत नाव गाजवलेला, आणि कालच्या पोराने त्याला कोंडून ठेवलेलं. राग असणारच. नवरा पेशवा झाला तर त्या पेशवीणबाई होणार, हा लाभही उघड. संधीचं म्हणाल तर नवऱ्याच्या कागदापर्यंत पोचणं बायकोला अवघड नव्हतं. हेतू होता, संधी होती, हे मी मान्य करतो. पण हेतू आणि संधी असलेली माणसं त्या वाड्यात आणखी कितीतरी होती. शाखेतल्या तिजोरीची किल्ली दोघांकडे असते, म्हणून पैसे गेले की दोघांनाही चोर म्हणत नाहीत.

मग काय घडलं असेल? मला चार शक्यता दिसतात.

पहिली, आनंदीबाईंनी नवऱ्याच्या नकळत अक्षर बदललं. दुसरी, राघोबांना सगळं माहीत होतं आणि खाडाखोडीची गोष्ट नंतर बचावासाठी रचली गेली. तिसरी, मधल्या माणसांनी, लेखी म्हणा की तोंडी म्हणा, हुकूम फिरवला. चौथी, हुकूम खरोखर धरायचाच होता, पण झटापटीत रक्त सांडल्यावर गारद्यांना मागे फिरता आलं नाही.

ही चौथी शक्यता मला दुर्लक्ष करण्यासारखी वाटत नाही. काकांच्या मिठीत असलेल्या नारायणरावांना सोडायला राघोबांनी सांगितल्यावर, आता याला सोडला तर आम्ही जिवंत राहणार नाही, तुम्हीही आड आलात तर तुम्हालाही ठेवणार नाही, अशा अर्थाचं सुमेरसिंग बोलल्याची हकिगत आहे. ती खरी असेल तर त्या क्षणी चिठ्ठीला काही किंमतच उरली नव्हती. धरलेला पेशवा उद्या सुटला असता, आणि सुटलेल्या पेशव्याने पहिला हत्ती गारद्यांवर घातला असता. हे गारद्यांना कळायला कुठलंही अक्षर बदलावं लागत नव्हतं. आणि जो माणूस सशस्त्र, पैशाला हपापलेली टोळी राज्याच्या धन्यावर सोडतो, त्याला पुढे काय होऊ शकतं याचा अंदाज नसतो का? म्हणून "मी फक्त धरा म्हणालो" हा बचाव खरा असला तरी पुरा पडत नाही.

खुनानंतरचं वागणंही बघू. ज्याचा हुकूम फिरवून त्याच्या पुतण्याला मारलं, तो माणूस पहिल्यांदा काय करेल? मारेकऱ्यांना साखळदंड घालेल. राघोबांनी काय केलं? पेशवाईची वस्त्रं घेतली आणि तेच गारदी आपल्या पदरी ठेवले. म्हणून माझं मत विचाराल तर पहिली शक्यता चौघांत सगळ्यात दुबळी आहे. रामशास्त्रींसारखा माणूस, ज्याने सगळ्यात जवळून तपास केला, त्याने प्रायश्चित्त कुणाला सांगितलं? राघोबांना. बोट कुणाकडे दाखवायचं हे त्यांना चांगलं कळत होतं. आपण मात्र ते बोट हळूच बाजूला सरकवलं.

ते कसं सरकलं? खुनानंतर बारभाईंनी राघोबांविरुद्ध फळी उभी केली. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. त्यांना पुरंदरावर सुरक्षित नेलं आणि १८ एप्रिल १७७४ ला सवाई माधवरावांचा जन्म झाला. पुढे १७९५ मध्ये याच सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत इथून पाटोदा-जामखेडच्या बाजूला असलेल्या खर्ड्याला निजामाचा पराभव झाला. राघोबा इंग्रजांकडे गेले, १७७५ मध्ये सुरतेचा तह केला, आणि त्यातून पहिलं इंग्रज-मराठा युद्ध पेटलं. ते १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत चाललं. एका खुनाचं व्याज राज्याने किती वर्षं भरलं बघा. राघोबा १७८३ मध्ये कोपरगावला वारले. मागे आनंदीबाई, दत्तक मुलगा अमृतराव, १७७५ मध्ये धारला जन्मलेला बाजीराव आणि चिमाजी. त्यांचं पुढचं आयुष्य पुणे दरबाराच्या नजरेखाली गेलं. १७९४ मध्ये त्या वारल्या. त्यांना कुणी समोर बसवून "बाई, हे अक्षर तुम्ही बदललंत का?" असं विचारल्याची नोंद मला कुठे वाचायला मिळाली नाही.

मग त्या गेल्या आणि गोष्ट वाढली. डफने ती छापली. १९०९ मध्ये कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं "भाऊबंदकी" रंगभूमीवर आलं आणि गाजलं. १९४४ मध्ये प्रभातचा "रामशास्त्री" चित्रपट आला. कलाकृती म्हणून दोन्ही मोठ्या. पण नाटकाला खलनायिका लागते, तशी न्यायालयाला लागत नाही. आणि हळूहळू "ध चा मा करणे" हा वाक्प्रचार झाला. वाक्प्रचाराविरुद्ध अपील करता येत नाही.

आता हे आपल्या सोसायटीच्या स्मरणिकेत कशाला, असं विचाराल. सांगतो. आपल्या घराघरांत अजूनही एखादी सून जरा स्पष्ट बोलली, सासूने हिशेब विचारला, की कुणीतरी म्हणतं, "आमच्याकडची आनंदीबाई." भाऊ-भाऊ वेगळे झाले की कारण काय? बायकांनी फोडलं! जमिनीच्या वाटणीचा कागद पुरुषांनी केलेला, सह्या पुरुषांच्या, भांडण पुरुषांचं, आणि दोष चुलीजवळ बसलेल्या बाईचा. हा हिशेब १७७३ पासून चालत आलाय. आपली सोसायटी पंचवीस वर्षं टिकली, कारण सभेत कुणाविरुद्ध तक्रार आली की आपण त्या सभासदाला बोलावून त्याचं म्हणणं ऐकलं आणि इतिवृत्तात दुरुस्ती केली तर तिच्याशेजारी अध्यक्षांची सही घेतली. साधी पद्धत आहे. शनिवारवाड्यातल्या त्या बाईला एवढीही मिळाली नाही.

व्याख्यानानंतरचे काही प्रश्न

एका ताईंनी विचारलं, "म्हणजे आनंदीबाई निर्दोष होत्या असं तुमचं म्हणणं आहे का?"

नाही, ताई. त्यांना कटाची कल्पना असू शकेल, त्यांचा पाठिंबाही असू शकेल. पण "असू शकेल" आणि "केलं" यांत मोठं अंतर आहे. सिद्ध झालेलं नाही, एवढंच मी म्हणतो. कर्ज बुडेल अशी शंका आली म्हणून आम्ही कुणाचं खातं लगेच बुडीत दाखवत नव्हतो.

नववीतल्या एका मुलाने विचारलं, "आजोबा, मग परीक्षेत काय लिहायचं?"

बाळा, परीक्षेत पुस्तकात आहे ते लिही, मार्क घालवू नकोस. फक्त "असे म्हटले जाते" हे तीन शब्द पुढे जोड. सर मार्क कापणार नाहीत आणि उत्तर अधिक खरं होईल.

एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "काका, मला वाचवा हे तरी खरं ना? शनिवारवाड्यात रात्री आवाज येतो म्हणतात."

आवाज मी ऐकलेला नाही. पुतण्या जीव वाचवायला काकांकडेच धावला, हे मात्र हकिगती सांगतात. त्या तीन शब्दांत काय आहे बघा. ज्याने आपल्याला वाचवायचं, त्याच्याच माणसांपासून वाचवा म्हणायची वेळ आली. या खुनातलं खरं दुःख मला तिथं दिसतं. ध आणि मा यांच्यावर आपण इतकी वर्षं वाद घातला, पण दोन्ही शब्दांच्या शेवटी "रावे" सारखंच आहे. हुकूम देणारा हात कुणाचा होता, ते त्या न बदललेल्या अक्षरांतच आहे.

सर्वांना रौप्यमहोत्सवाच्या शुभेच्छा. आरतीची वेळ झाली आहे, तेव्हा इथंच थांबतो. गणपती बाप्पा मोरया!